पाचवं चाक

चारचाकी गाडीला पाचवं चाक कशाला? मुंबईत पूर्वी धावणाऱ्या व्हिक्टोरियाचा पुढचा आस वळताना एका आडव्या कड्यावर फिरे. ते कडं म्हणजे पाचवं चाक. अमेरिकेत घोडे गेले, पण ट्रेलरच्या जोडाला हेच नाव राहिलं. विमानं बनवणाऱ्या ग्लेन कर्टिसने (१८७८-१९३०) तर आपल्या 'एरोकार' या फिरत्या घराच्या जोडात खरोखरच विमानाचा टायर आडवा बसवला; धक्के तोच गिळत असे.

पुढे अशी घरं पिकअप ट्रक ओढू लागले. जोड मागच्या आसावर किंवा किंचित पुढे हवा. मागे गेला, तर तरफेच्या नियमाने पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाहीत. पण सुमारे ६.५ फुटी आखूड हौद्यात आसापासून केबिनपर्यंत ४ फूटही नसतात आणि ट्रेलर असतो ८ फूट रुंद! आम्ही मापाने कापलेले पुठ्ठ्याचे दोन तुकडे टाचणीने जोडून पाहिले. काटकोनात वळवताच ट्रेलरचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेत घुसला.

म्हणून वळताना जोड मागे सरकवणारी रचना आली. सरळ रस्त्यावर तो पुन्हा आसावर येतो. एवढं तीव्र वळण गाडी हळूच घेते, त्यामुळे तेवढ्यापुरती हलकी झालेली चाकं चालून जातात.