जुळणी, जुळवणी आणि आराखडा : जबलपूरचा जोंगा आणि रेडिओ-नियंत्रित बग्गी

प्रस्तावना

या पाठात आपण तंत्रज्ञानाच्या इतिहासातील एक साधा वाटणारा प्रश्न हाताळणार आहोत. एखादे यंत्र आपल्या देशात ‘बनते’ असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय बनते? सुटे भाग जोडणे म्हणजे बनवणे का? जोडलेले यंत्र आपल्या जमिनीला, हवामानाला आणि कामाला बेतणे म्हणजे बनवणे का? की मुळापासून त्याची आखणी करणे म्हणजे बनवणे?

या तीन पायऱ्यांना आपण जुळणी, जुळवणी आणि आराखडा अशी नावे देऊ. उदाहरण म्हणून मध्य प्रदेशातील जबलपूर शहर घेऊ. आडवाटेने चालणाऱ्या गाड्यांचा या शहराचा अनुभव मोठा आहे. सोबत एक लहान वस्तूही घेऊ : रेडिओने चालणारी, मातीच्या धावपट्टीवर शर्यत खेळणारी एक-दशांश मापाची बग्गी. ही बग्गी तुम्ही कदाचित खेळणे म्हणून पाहिली असेल. पाठ संपेपर्यंत तिच्याकडे प्रयोगशाळा म्हणून पाहता यावे, हा हेतू आहे.

१. चिखल आणि तोफगाडा

रस्ता सोडून चाक चालवण्याचा प्रश्न मोटारीपेक्षा जुना आहे. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर निघत, याचे एक व्यावहारिक कारण पाऊस हे होते. काळ्या मातीत बैलांनी ओढायची तोफ रुतली की मोहीमच थांबे. १७९८ मध्ये जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी ते घेतले. या भागातील नद्या, नाले, ग्रॅनाइटचे खडक आणि पावसाळी चिखल मात्र सर्व राजवटींना सारखेच होते.

१८७० मध्ये मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेले लोहमार्ग जबलपूरला जोडले गेले. देशाच्या अंतर्भागातील, सरहद्दीपासून दूर आणि दोन्ही बंदरांना रेल्वेने जोडलेली जागा म्हणून तिचे लष्करी महत्त्व वाढले. १९०४ मध्ये येथे गन कॅरेज फॅक्टरी, म्हणजे तोफगाड्यांचा कारखाना स्थापन झाला.

तोफगाडा म्हणजे केवळ चाके लावलेली चौकट नव्हे. त्याला दोन वेगवेगळे धक्के सोसावे लागतात. एक खालून येतो, खडबडीत जमिनीचा. दुसरा वरून येतो, तोफ उडाल्यावर मागे येणाऱ्या नळीचा. धक्का कसा पचवायचा, हाच तोफगाड्याच्या रचनेचा गाभा आहे. शर्यतीच्या बग्गीतही आपण याच प्रश्नाशी येणार आहोत.

२. शक्तिमान आणि जोंगा

स्वातंत्र्यानंतर सैन्याकडे दुसऱ्या महायुद्धातील जुन्या, नाना बनावटीच्या गाड्या होत्या. सुटे भाग मिळणे कठीण होत चालले होते. व्ही. के. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना, १९५९ मध्ये, पश्चिम जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या सहकार्याने ‘शक्तिमान’ ट्रकची बांधणी जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत सुरू झाली. पुढे जपानच्या निसान कंपनीच्या परवान्याने एक टनी वाहक गाडी आणि ‘पेट्रोल’ या नावाची जीपसारखी गाडीही आली. १९६९ मध्ये स्वतंत्र व्हेईकल फॅक्टरी जबलपूर उभी राहिली.

निसान पेट्रोलची ही भारतीय आवृत्ती ‘जोंगा’ म्हणून ओळखली गेली. सहा सिलिंडरचे, जवळपास ४ लिटरचे पेट्रोल इंजिन, चारही चाकांना ताकद, अखंड आस आणि पाट्यांच्या स्प्रिंगा अशी तिची मजबूत पण इंधन पिणारी रचना होती. तीन दशके ती सैन्यात धावली.

तिच्या नावाकडे नीट पाहा. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी नावापासून ‘जोंगा’ तयार झाले. त्यातला शेवटचा शब्द ‘असेंब्ली’ आहे, म्हणजे जुळणी. गाडीने आपली पायरी नावातच सांगितली होती.

यावरून लगेच ‘म्हणजे आपण फक्त नक्कल केली’ असा निष्कर्ष काढू नका. परवान्याने मिळणाऱ्या नकाशात प्रत्येक भागाचे माप असते, पण तेच माप का, याचे उत्तर बहुधा नसते. स्प्रिंगेचा एक पाटा अमुक जाडीचा आहे हे कळते. तो पातळ केला तर काय होईल, हे ती गाडी वापरणाऱ्याला, दुरुस्त करणाऱ्याला आणि मोडलेली पाहणाऱ्यालाच कळते. सैन्याच्या कार्यशाळांत आणि लिलावातून विकत घेतलेल्या गाड्या चालत्या ठेवणाऱ्या गल्लीतल्या गॅरेजांत हे ज्ञान साठत गेले. ते कागदावर फारसे उतरले नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ज्ञान दस्तऐवजात सापडत नाही, ते माणसांना विचारावे लागते.

३. वाळवंटातून खोक्यात

आता लहान गाडीकडे वळू. रेडिओने दूरवरून यंत्र चालवण्याचे पहिले प्रसिद्ध प्रात्यक्षिक १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निकोला टेस्ला यांनी एका छोट्या बोटीवर केले. आडवाटेची बग्गी मात्र कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जन्मली. १९६० च्या दशकात ब्रूस मायर्स यांनी फोक्सवॅगन बीटलच्या यंत्रणेवर फायबरग्लासची हलकी काया चढवून ‘मायर्स मँक्स’ बनवली. १९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पातील लांब पल्ल्याची शर्यत याच प्रकारच्या गाडीने जिंकली.

१९७९ मध्ये जपानच्या तामिया कंपनीने अशा वाळवंटी गाड्यांच्या एक-दशांश प्रतिकृती सुट्या भागांच्या खोक्यात विकायला आणल्या. १९८४ मध्ये अमेरिकेतील टीम असोसिएटेड कंपनीची ‘आरसी-१०’ आली. ती कोणत्याही मोठ्या गाडीची प्रतिकृती नव्हती, शर्यतीसाठीच आखलेली होती. ॲल्युमिनियमची चौकट आणि तेल भरलेले शॉक ॲब्सॉर्बर ही तिची वैशिष्ट्ये होती. १९८५ पासून या मापाच्या गाड्यांची जागतिक स्पर्धाही सुरू झाली.

म्हणजे पाच-सहा वर्षांत ही लहान गाडी प्रतिकृतीकडून स्वतंत्र आराखड्याकडे गेली. यामागे स्पर्धेचा रेटा होता, आणि चूक स्वस्त पडत होती हेही कारण होते. ट्रकचा आस मोडला तर माणसे दगावू शकतात. बग्गीचा आस मोडला तर दुसरा बसवून लगेच पुन्हा धावता येते.

४. बग्गीची जुळवणी

खोक्यातली बग्गी सूचनापुस्तिका पाहून दोन-तीन संध्याकाळी जोडता येते. ही जुळणी झाली. ती गाडी धावते, पण जिंकत नाही. जुळवणी पुढे सुरू होते. तिचे चार मुख्य मुद्दे पाहा.

शॉकमधील तेल : स्प्रिंग धक्का साठवते, तेल तो जिरवते. पातळ तेलाने चाक खड्ड्यांवरून झटपट वरखाली होते, पण उडीनंतर गाडी आपटते. घट्ट तेलाने उडी सांभाळली जाते, पण बारीक खडबडीवर चाक जमीन सोडते. तापमान वाढले की तेल पातळ होते. त्यामुळे जबलपूरच्या जानेवारीतल्या सकाळी बेतलेली गाडी मे महिन्याच्या दुपारी सैल वाटते.

डिफरन्शियल : वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाके वेगळ्या गतीने फिरू देणारी ही यंत्रणा असते. ती फार मोकळी असेल तर हवेत उचललेले चाक नुसते गरगरते आणि ताकद वाया जाते. फार घट्ट असेल तर गाडी वळायला नकार देते.

चाकांचे कोन : समोरून पाहता चाक आत किंवा बाहेर किती कलले आहे, आणि वरून पाहता चाकांची तोंडे किती आत वळली आहेत, हे दोन कोन स्थैर्य ठरवतात. मागची चाके किंचित आत वळवली की सरळ रेषेत गाडी शांत राहते.

टायर : बाकी सारे याच्यानंतर. भुसभुशीत मातीला लांब, विरळ खिळे लागतात. कडक, गुळगुळीत मातीला आखूड आणि दाट.

या सर्वांत नियम एकच : एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची वहीत नोंद. दोन बदल एकत्र केले की सुधारणा कशामुळे झाली ते कधीच कळत नाही. कार्यकारणभाव शोधण्याची ही शिस्त इतिहासकारालाही लागते. फरक एवढाच की इतिहासकाराला प्रयोग पुन्हा करता येत नाही.

५. लहान गाडी मोठीसारखी का वागत नाही?

लांबी एक-दशांश केली की आकारमान एक-सहस्रांश होते, पण गुरुत्वाकर्षण तेवढेच राहते. १ मीटर उंचीवरून पडायला मोठ्या गाडीला सुमारे ०.४५ सेकंद लागतात. त्याच प्रमाणातली, म्हणजे १० सेंटिमीटरची उडी बग्गी ०.१४ सेकंदांत संपवते. बग्गीच्या शॉकला सावरायला जवळपास एक-तृतीयांश वेळ मिळतो. ३ सेंटिमीटरचा खडा तिच्यासाठी ३० सेंटिमीटरच्या धोंड्यासारखा असतो. म्हणून मोठ्या गाडीचा आराखडा जसाच्या तसा लहान करून चालत नाही.

एका मापातले, एका जमिनीवरचे उत्तर दुसरीकडे नेले की ते पुन्हा जुळवावे लागते. परदेशी यंत्र आपल्या देशात आणणे हाही अशाच प्रकारचा प्रवास असतो.

६. आराखड्याकडे

जबलपूरच्या इतिहासात ही तिसरी पायरी एका तोफेत दिसते. १९८६ मध्ये भारताने स्वीडनच्या बोफोर्स कंपनीकडून १५५ मिलिमीटरच्या ४१० तोफांचा करार केला. त्यासोबत तंत्रज्ञानाची कागदपत्रे मिळाली, पण त्यावरून देशात तोफ बनायला दशके लागली. त्या कागदपत्रांच्या आधारे विकसित झालेली ‘धनुष’ तोफ जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत बनते. एप्रिल २०१९ मध्ये पहिल्या सहा तोफा सैन्याला मिळाल्या. मूळ नळीची लांबी ३९ कॅलिबर, म्हणजे सुमारे ६ मीटर होती. धनुषची ४५ कॅलिबर, म्हणजे सुमारे ७ मीटर आहे. नळी जवळजवळ १ मीटरने वाढली की धक्का, तोल आणि गाडा या सगळ्यांचा पुन्हा विचार करावा लागतो. ‘हेच माप का?’ हा प्रश्न टाळता येत नाही.

शिक्षणातही हाच बदल दिसतो. २००५ मध्ये जपानच्या सहकार्याने जबलपूरला स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेच्या नावातच आराखडा आणि उत्पादन हे दोन्ही शब्द आहेत. मध्य प्रदेशातच पिथमपूर येथे २००७ पासून ‘बाहा’ स्पर्धा सुरू झाली. तीत पदवीचे विद्यार्थी एकाच प्रकारचे इंजिन घेऊन आडवाटेची एकआसनी गाडी स्वतः आखतात आणि बांधतात. मँक्स जिथे धावली त्या द्वीपकल्पाचे नाव असे मध्य भारतात पोहोचले.

समारोप

जुळणी कमी दर्जाची आणि आराखडा श्रेष्ठ, असा या पाठाचा अर्थ नाही. जुळणीशिवाय हात तयार होत नाहीत. पण जुळणीवरून थेट आराखड्यावर उडी मारता येत नाही. मधली पायरी, म्हणजे बदलून पाहणे, मोडणे, नोंद ठेवणे, ही ओलांडावीच लागते. ज्या व्यवस्थेत नकाशातले माप बदलायला परवानगी नसते, तिथे कारागिराचा अनुभव त्याच्यासोबत निवृत्त होतो. जोंगा थांबली, ट्रकांची नावे बदलली, २०२१ मध्ये हे कारखाने नव्या सरकारी कंपन्यांत विभागले गेले. ज्या हातांनी त्या गाड्या तीन दशके चालत्या ठेवल्या त्यांची वही कोणी लिहिली नसेल, तर ती लिहिण्याची वेळ आताच आहे. ते काम तुम्हीही करू शकता.

स्वाध्याय

१. जुळणी, जुळवणी आणि आराखडा यांतील फरक तुमच्या गावातील एका यंत्राच्या आधारे स्पष्ट करा. शेतीपंप, पिठाची गिरणी किंवा रिक्षा चालेल.
२. ‘परवान्याचा नकाशा माप सांगतो, कारण सांगत नाही.’ या विधानाची चर्चा करा.
३. शर्यतीच्या बग्गीत आराखड्याचा विकास वेगाने का झाला? लष्करी वाहनाशी तुलना करा.
४. तुमच्या परिसरातील एका निवृत्त फिटरची किंवा मेकॅनिकची त्यांच्या संमतीने मुलाखत घ्या. त्यांनी मूळ यंत्रात केलेला एक बदल, त्याचे कारण आणि परिणाम यांची दोन पानी नोंद करा.