आयरिश आडनांवांचा माग

पूर्वजांचा शोध घेऊं लागलेल्या मनुष्यास स्वतःचें आडनांव हाच सर्वांत खात्रीचा पुरावा वाटतो. आयरिश कुळांच्या बाबतींत हा भरंवसा फार जपून धरावा लागतो.

आयर्लंडांत वंशपरंपरागत आडनांवें दहाव्या-अकराव्या शतकांतच रूढ झालीं. युरोपांत इतक्या लवकर तीं फार थोड्या ठिकाणीं आढळतात. ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, आणि ‘मॅक’ म्हणजे पुत्र. इ. स. १०१४ सालीं क्लॉन्टार्फच्या लढाईंत मारला गेलेला राजा ब्रायन बोरू याचे वंशज ते ओब्रायन. सर्व प्रजेनें आडनांवें घ्यावींत असा हुकूम याच राजानें काढला, अशी आख्यायिका आहे. परंतु ९१६ सालच्या नोंदींत ‘ओ क्लेरी’ हें आडनांव येतें. म्हणजे ब्रायनच्या जन्मापूर्वींच ही चाल पडूं लागली होती.

इंग्रजी सत्ता दृढ होत गेली तसतशी या नांवांची मोडतोड झाली. १४६५ च्या कायद्यानें डब्लिनच्या आसपासच्या चार परगण्यांतील आयरिश लोकांवर इंग्रजी धर्तीचें आडनांव घेण्याची सक्ती केली. तें एखाद्या गांवाचें, रंगाचें वा धंद्याचें असावें, असेंही त्यांत सांगितलें होतें. सतराव्या व अठराव्या शतकांत तर ‘ओ’ व ‘मॅक’ झपाट्यानें गळून पडले, आणि उरलेलें नांव आयरिश भाषा न जाणणाऱ्या कारकुनांनीं कानाला लागेल तसें लिहिलें. कित्येक नांवांचें सरळ भाषांतरच झालें. कॅव्हन परगण्यांतील ‘मॅक गोवन’, म्हणजे लोहाराचा मुलगा, ‘स्मिथ’ झाला. त्याचा अमेरिकेंतील एखादा वंशज आज स्वतःस इंग्रज रक्ताचा समजत असल्यास त्यांत त्याचा दोष नाहीं. ‘मॅक अन टीर’ याचा अर्थ कारागिराचा मुलगा. परंतु त्यांतील मूळ शब्दाचा दुसरा अर्थ ‘स्वतंत्र’ असाही असल्यानें सुतार-गवंड्यांचे कित्येक वंशज ‘फ्रीमन’ बनले! पुढें स्वभाषेचा अभिमान जागा झाला, १८९३ सालीं गेलिक लीग स्थापन झाली, आणि टाकलेले उपसर्ग परत येऊं लागले. त्यांतही गफलती झाल्याच. गॉर्मन कुळ मूळचें ‘मॅक’. पण परत घेतांना पुष्कळांनीं ‘ओ’ घेतला.

आडनांव असें दगा देतें म्हणून कागदपत्रांकडे वळावें, तर तेथें राख. १९२२ च्या यादवी युद्धांत, ३० जून रोजीं, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतींतील सरकारी दप्तरखाना स्फोटानें व आगीनें नष्ट झाला. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या चार शिरगणत्यांचीं पुस्तकें, थोडे अवशेष वगळतां, त्यांत जळालीं. पुढील चार शिरगणत्यांचे कागद तर सरकारनेंच, त्यांतील दोहोंचे पहिल्या महायुद्धाच्या काळांत रद्दींत, नाहींसे केले होते. संपूर्ण अशा १९०१ व १९११ च्या दोनच उरल्या.

हा तोटा ज्यांना अधिक जाणवतो ते १८४५ नंतरच्या महादुष्काळांत देश सोडून गेलेल्यांचे वंशज होत. त्या दुष्काळांत सुमारें १० लक्ष माणसें मेलीं आणि तितकींच देशांतरास गेलीं. परदेशच्या नोंदींत बहुधा ‘आयर्लंड’ एवढेंच लिहिलेलें सांपडतें. पाहिजे असतें तें वाडीचें नांव. अशा ६०,००० हून अधिक वाड्या त्या देशांत आहेत! १८४७ ते १८६४ या काळांत ग्रिफिथ यानें करविलेल्या जमीनमोजणींत वाडीवार कुळांचीं नांवें मिळतात, पण बायकामुलांचा त्यांत उल्लेख नाहीं.

बायकामुलांचा पत्ता लागतो तो एका अनपेक्षित ठिकाणीं. १९०८ च्या कायद्यानें सत्तर वर्षांवरील गरिबांस निवृत्तिवेतन मिळूं लागलें. जन्माची सरकारी नोंद तेथें १८६४ पासूनची. तेव्हां या म्हाताऱ्यांनीं वय सिद्ध कसें करावें? त्यांचीं नांवें १८४१ व १८५१ च्या शिरगणतींत शोधून उतारे काढण्यांत आले. मूळ पुस्तकें जळालीं, पण या शोधाचे हजारों तक्ते मागें राहिले. पुष्कळ तक्त्यांवर ‘सांपडलें नाहीं’ असा शेरा आहे. त्या शेऱ्याच्या वर मात्र अर्जदारानें सांगितलेलें बापाचें नांव, आईचें नांव, आणि लहानपणच्या वाडीचें नांव शाईनें लिहिलेलें आहे.