प्रकाशाच्या पोटातले कण

अंजनवेलच्या खाडीत रात्री दोन होड्या समोरासमोर आल्या, की त्यांच्या दिव्यांचे झोत एकमेकांतून आरपार जातात. आम्हा खाडीकाठच्यांना त्याचे नवल नाही. पण अकराव्या शतकात बसऱ्याचा इब्न अल हैसम कैरोत याच गोष्टीपाशी थांबला. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर त्याने अनेक दिवे ठेवले. आत प्रत्येकाचा ठिपका वेगळा पडला. एक दिवा झाकला की तेवढाच ठिपका जाई. प्रकाशात प्रकाश मिसळत नाही, हे त्याने प्रयोगाने दाखवले.

ही हकीकत खरीच, पण अपुरी. ती कुठे अपुरी पडते हे दाखवणाऱ्यांत पुण्याच्या रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) होत्या.

अणू म्हटला की आमच्या जिल्ह्यात बोलणे जैतापूरवर जाते आणि तिथेच अडते. पण अणुकेंद्र मुळात टिकते कसे? प्रोटॉन सारे धनभारित, त्यांनी एकमेकांना दूर लोटायला हवे. त्यांना बांधणाऱ्या तीव्र बलाचा सिद्धान्त १९३५ साली जपानच्या युकावांनी मांडला. पुढे कळले की प्रोटॉनही क्वार्कांचा बनलेला आहे आणि ग्लुऑन त्यांना जोडतात. १९७३ मध्ये ग्रॉस, विल्चेक व पोलिट्झर यांनी दाखवले, की क्वार्क जवळ असता ही ओढ सैल पडते. नांगराला बांधलेल्या होडीसारखे आहे हे: दोर ढिला तोवर ती मोकळी, दूर जाऊ लागली की ताण. २००४ चे नोबेल त्यांना याबद्दल मिळाले.

आता प्रकाश. प्रकाशकण म्हणजे फोटॉन क्षणभर क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांची जोडी होऊ शकतो. म्हणजे तीव्र बलाचा वाटा त्याच्याही पोटात असतो! गोडबोले मुंबई विद्यापीठात शिकवत असताना, १९९१ मध्ये, त्यांनी मॅन्युएल ड्रीस यांच्यासह याचा हिशेब मांडला. भावी यंत्रांत इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांचे अतिबारीक पुंजके समोरासमोर आदळायचे होते. अशा पुंजक्यांतून फोटॉन निघतात, ते परस्परांवर आदळतात, आणि तीव्र बलाने बांधलेल्या कणांचा सडा पडतो. स्वच्छ म्हणून ज्या टकरीची वाखाणणी होत होती, तिच्यात कचरा निघाला.

आमच्या मते गोडबोल्यांचे खरे काम हेच, पुरस्कार नंतरचे. यंत्र उभारण्याआधीच कागदावर दोष सापडला. पुंजके चपटे ठेवले, तर फोटॉनांचा हा मारा कमी होतो. अशा मोठ्या सरळ रेषेतल्या टक्करयंत्रांचे आराखडे करणारे या कचऱ्याचा हिशेब आधी धरतात. असे मोठे यंत्र मात्र अजून उभे राहिलेले नाही.