अर्ध्या झग्याचं नाव

शहापूरकर आसनगावला लोकल पकडतो, मुरबाडकराला आधी एसटीने कल्याण गाठावं लागतं. मुंबईला उतरून आझाद मैदानाच्या कडेने चालत गेलं की सेंट झेवियर्स कॉलेजची दगडी इमारत लागते. जेझुइट पाद्र्यांनी १८६९ साली काढलेलं हे कॉलेज. त्याच्या आवारात चॅपलही आहे आणि फादर हेरास यांनी उभं केलेलं संग्रहालयही. प्रार्थनेची जागा आणि जुन्या वस्तूंची जागा एकाच कॉलेजात कशी, असा प्रश्न आपल्याकडच्या मुलांना पडतो. त्याचं उत्तर चॅपल आणि म्युझियम या शब्दांच्या कुळातच आहे.

चॅपल हे मुळात कुठल्याच इमारतीचं नाव नव्हतं, ते एका कापडाचं नाव होतं. चौथ्या शतकात मार्टिन नावाचा एक रोमन शिपाई आजच्या फ्रान्समधल्या आमियां शहराच्या वेशीपाशी होता. थंडी कडाक्याची होती आणि समोर एक उघडा भिकारी कुडकुडत बसलेला. मार्टिनकडे द्यायला पैसा नव्हता. त्याने तलवार उपसली, अंगावरचा झगा मधोमध कापला, अर्धा भिकाऱ्याला दिला आणि अर्धा स्वतः पांघरला. ही संतकथा आहे, पण तिने जगाला एक शब्द दिला. मार्टिन पुढे तूर शहराचा बिशप झाला. त्याचा झगा म्हणून जपलेलं वस्त्र फ्रँक राजांनी आपल्याजवळ ठेवलं. ते लढाईला बरोबर नेत, त्यावर हात ठेवून शपथा घेत. लॅटिनमध्ये झग्याला ‘काप्पा’ म्हणत, छोट्या झग्याला ‘काप्पेल्ला’. झगा ठेवला त्या खोलीलाही लोक काप्पेल्ला म्हणू लागले आणि तो सांभाळणारा झाला चॅपलेन. पुढे झगा राहिला बाजूला आणि प्रार्थनेच्या प्रत्येक लहान जागेला तेच नाव पडलं. फ्रेंचांकडून ते इंग्रजीत गेलं आणि तिथून आपल्याकडे चॅपल होऊन आलं. पोर्तुगीजांच्या तोंडून तोच शब्द गोव्यात कपेल म्हणून रुळला. गावचं मोठं चर्च ती इगर्ज, वाड्यावरचं लहान ते कपेल. इगर्जेचं कूळ वेगळं आहे. ग्रीक ‘एक्लेसिया’, म्हणजे बोलावून जमवलेली सभा, हे तिचं मूळ.

म्युझियमचा प्रवास नेमका उलटा झाला. ग्रीक ‘मूसेइऑन’ म्हणजे कलांच्या आणि विद्येच्या देवतांचं ठाणं. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात टॉलेमी राजांनी उभारलेल्या मूसेइऑनात विद्वान राजाच्या खर्चाने राहत, एका पंक्तीला जेवत, अभ्यास करत आणि त्यांच्यावर प्रमुख म्हणून पुजारी नेमलेला असे. म्हणजे वस्तू जपता जपता देवघर झालं ते चॅपल, आणि देवतेच्या ठाण्याची वस्तू जपायची जागा झाली ते म्युझियम. अलेक्झांड्रियाचं ते ठाणं तर एक प्रकारचं कॉलेजच होतं.

झेवियर्समधलं म्युझियम उभं करणारे हेरास मूळचे स्पेनचे. जन्म १८८८चा, मुंबईत आले १९२२ साली. कोणता इतिहास शिकवाल असं विचारल्यावर, जो आपल्याला मुळीच ठाऊक नव्हता तो भारताचा इतिहास त्यांनी मागून घेतला, असं सांगतात. चार वर्षांत त्यांनी भारतीय इतिहासाची संशोधन संस्था काढली. १९५५ साली ते गेले, त्यानंतर संस्थेला त्यांचं नाव मिळालं. नाणी, मूर्ती, हस्तिदंतात कोरलेली ख्रिस्ती शिल्पं असा तिथल्या संग्रहालयाचा ठेवा आहे. अनोळखी देशाचा इतिहास इतक्या मायेने गोळा करणाऱ्या या माणसाविषयी मला फार आदर वाटतो.

आणि आपल्या दाराशी काय आहे? मुरबाडच्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेलं की माथ्याजवळ सातवाहनांची लेणी लागते. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या आणि प्रत्येक मूर्तीच्या डोक्यावर ब्राह्मीत नाव कोरलेलं होतं: सिमुक, नायनिका, सातकर्णी. संग्रहालयात वस्तूशेजारी चिठ्ठी लावतात, तसंच हे. बाजूच्या भिंतींवरच्या लेखाची सुरुवात देवांना नमस्काराने होते, आणि पुढे यज्ञांत दिलेल्या गाई, हत्ती, नाण्यांचे आकडे येतात. मूर्ती आज राहिल्या नाहीत. नावं आहेत, पण त्याच भिंतीवर हल्लीच्या पोरांनी आपलीही नावं खरडली आहेत.

शहापूर-मुरबाडच्या शिक्षकांना म्हणूनच एक विनंती. कॉलेजच्या कार्यालयाकडून आधी परवानगी घ्या आणि मुलांना झेवियर्समधलं संग्रहालय दाखवा. त्याच वर्षी पावसाळा संपल्यावर त्यांना नाणेघाटात न्या, आणि भिंतीला हात लावू देऊ नका.