ध्वनिचालित उपकरणांची अनाहूत जागृती व निवारण
हेतुपुरस्सर हाक मारलेली नसतानाही ध्वनिचालित उपकरण कार्यान्वित होऊ नये, यासाठी केलेली तांत्रिक तजवीज (पहा : वाक्-अभिज्ञान).

2014 साली ॲमेझॉनचा ‘एको’ हा ध्वनिचालित ध्वनिक्षेपक अमेरिकेत आला आणि अखंड कान देऊन असणारे यंत्र गृहोपयोगी झाले; 2017 मध्ये बर्गर किंगच्या दूरचित्रवाणी जाहिरातीने प्रेक्षकांच्या घरांतील ‘गूगल होम’ ही अशीच उपकरणे जागी केली, तेव्हा हा दोष सर्वतोमुखी झाला.

उपकरणातील अल्पशक्तीचा परिपथ केवळ त्यास जागे करणाऱ्या ठरीव संकेतशब्दाचा शोध घेतो. सादृश्याची मर्यादा सैल ठेवल्यास परका शब्दही त्यास हाक वाटतो, कडक ठेवल्यास खरी हाक हुकते, आणि ही ओढाताण सर्वस्वी मिटवणारा उपाय अद्याप नाही. म्हणून संशयित हाकेची दूरस्थ संगणकावर फेरतपासणी, ज्ञात जाहिरातींच्या ध्वनिमुद्रेची ओळख, मालकाच्या आवाजाची नोंद, संकेतशब्दाचा बदल व मायक्रोफोन बंद करणारी कळ यांचा अवलंब होतो. पैकी कळ हाच, उपकरण तेवढा वेळ बहिरे होत असले, तरी खात्रीचा इलाज होय.

रायपूरसारख्या शहरात, जेथे छत्तीसगढी व हिंदीसमवेत भोसले अमदानीपासून मराठीही नांदते (पहा : नागपूरकर भोसले), एकाच दिवाणखान्यात अनेक भाषांचे उच्चार यंत्राच्या कानी पडतात, तेथे आवाजनोंदीचे महत्त्व विशेष. अशा जागृतीने खाजगीपणाचाही प्रश्न उभा राहतो; अनाहूत ध्वनिमुद्रणाच्या आरोपावरील दाव्यात ॲपलने 2025 मध्ये 9.5 कोटी डॉलरांची तडजोड मान्य केली (पहा : खाजगीपणाचा हक्क).