तलवारीची शिकल आणि तंबोऱ्याची झिलई

मैफलीत गवई दिसतो, तबलजी दिसतो, पेटीवालाही दिसतो. पण ज्या तंबोऱ्याच्या स्वरावर साऱ्या मैफलीचा डोलारा उभा असतो, त्या तंबोऱ्याकडे किती जण निरखून पाहतात? पाहिले, तरी त्याच्या गळ्यावरची कोरीव पाने, कडेची पांढरी नक्षी आणि मधासारखी झिलई पाहून आपण "वा, काय देखणा आहे!" एवढेच म्हणतो आणि गाण्याकडे वळतो. हा देखणेपणा कोणी दिला, कशाने दिला आणि कशासाठी दिला, याचा इतिहास मात्र मोठा मनोरंजक आहे. आहे मिरजेचा, पण आम्हा पनवेलकरांनी तो अवश्य ध्यानी घ्यावा असा आहे.

याचे कारण असे की, लाकूडकामाची प्रतिष्ठा एके काळी पनवेललाही होती. घाटावरचा माल बैलगाड्यांनी बोरघाट उतरून पनवेलच्या बंदरात यायचा आणि तेथून गलबतांनी मुंबईला जायचा. १८३० साली घाटातून गाडीरस्ता झाला आणि पनवेलच्या सुतारांनी घडवलेल्या गाडीच्या चाकांना मोठी मागणी आली. पुढे १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी धावू लागली. माल रुळांवरून थेट मुंबईला जाऊ लागला आणि हळूहळू चाके घडवणाऱ्या हातांना काम उरले नाही. हातात कसब होते. पण त्या कसबाला दुसरे घर मिळाले नाही.

मिरजेत नेमके उलटे घडले. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. किल्ला, शिलेदार, शिबंदी हा सारा सरंजाम असल्याने तलवारी-भाल्यांना धार लावणारी, त्यांना शिकल करणारी शिकलगार मंडळी तेथे नांदत होती. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि लढायांचे दिवस सरले. पुढे १८७८ च्या कायद्याने तर परवान्यावाचून शस्त्र बाळगणेही बंद झाले. म्यानातून बाहेरच न येणाऱ्या तलवारीला धार कोण लावून घेणार? पण शिकलगारांनी त्या कायद्याची वाट पाहिली नाही. परंपरा सांगते की, सुमारे १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार या कारागिराने गवयांची मोडकी वाद्ये दुरुस्त करता करता स्वतःच तंबोरे व सतारी घडवायला घेतल्या. संस्थानात गाण्याला आश्रय होताच. बघता बघता धंदा असा बसला की, शिकलगारांच्या घराण्यांना लोक 'सतारमेकर' म्हणू लागले आणि तेच त्यांचे आडनाव झाले! कादंबरीकाराने कल्पिले असते, तर वाचकांनी "फार जुळवून आणलेत" म्हणून नाक मुरडले असते.

आता हा तंबोरा सजतो कसा, ते पाहू. भीमाकाठी, पंढरपूरच्या परिसरात पिकणारा मोठा कडू भोपळा सुकवून, भिजवून, कापून आतून स्वच्छ करतात. त्यावर लाकडाची तबली आणि वर दांडी बसवतात. लाकूड बहुधा तूण जातीचे. वजनाला हलके आणि नादाला गोड. भोपळा आणि दांडी जेथे जुळतात तो गळा हा साऱ्या वाद्याचा नाजूक भाग. तारांचा सगळा ताण तेथे येतो. म्हणून त्या सांध्यावर लाकडी पाने कोरून चिकटवतात. आपण ज्याला नक्षी म्हणतो, ती सांध्याला आधारही देते आणि सांधा झाकतेही.

कडेच्या पांढऱ्या पट्ट्या पूर्वी हस्तिदंताच्या व हाडाच्या असत. पुढे सेल्युलॉइड आले. गंमत अशी की, हा पदार्थ अमेरिकेत १८७० च्या सुमारास पुढे आला तो बिलियर्डच्या हस्तिदंती चेंडूंना पर्याय शोधताना! १९८९ साली हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा ठराव झाला, तेव्हा तंबोऱ्याची नक्षी मुळीच अडली नाही. कारागिराच्या हाताला नवा पदार्थ केव्हाच सरावला होता.

शेवटचा संस्कार झिलईचा. काचकागदाने लाकूड घासून घासून गुळगुळीत करायचे, रंग द्यायचा आणि मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख कापडाच्या पुरचुंडीने हलक्या हाताने चढवायची. एक हात वाळला की दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. येथे घाई चालत नाही आणि हावही चालत नाही. थर पातळ राहिला तर लाकूड दमट हवेला उघडे पडते; जाड झाला तर तबलीचे कंपन दबते आणि नाद कोंडतो. म्हणजे डोळ्यांना किती द्यायचे आणि कानांसाठी किती राखायचे, याचा निवाडा त्या पुरचुंडीवरच्या बोटांना करावा लागतो. पाते घासताना किती घासावे आणि कोठे थांबावे हे ज्यांना वाडवडिलांपासून ठाऊक, त्यांच्या हाती हे काम यावे, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. आमच्या कोकणच्या पावसाळ्यात खुंट्या फुगतात, लाखेवर पांढुरकी साय धरते. त्या दिवसांत या झिलईची किंमत कळते.

मिरजेच्या या वाद्यांनी काय काय ऐकले! बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची तालीम ऐकली. त्यांच्याजवळ मिरजेत शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गाणे दरबारातून शाळेत आले आणि घराघरांत तंबोरा हवासा झाला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेतच स्थायिक झाले. वाद्ये दुरुस्त करण्यात ते स्वतः वाकबगार होते. १९३७ साली मद्रासेहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या एका लहानशा स्टेशनावर त्यांनी तंबोरा जुळवून घेतला, प्रार्थना गाइली आणि तेथेच देह ठेवला. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकन गावाच्या नावाला मिळते, बोटांतले कसब बोटांतूनच पुढे जाते. आज वीजेवर चालणारा, हातात मावणारा तंबोरा घरोघर आहे; त्याला ना भोपळा, ना झिलई. मुलांनी वर्षानुवर्षे काचकागद घासत का बसावे, असे एखाद्या सतारमेकर बापाला वाटले, तर त्याला दोष कसा द्यावा? त्या कष्टाचे मोल देणारे गिऱ्हाईक आपणच असायला हवे.

पनवेलच्या चाकांना रेल्वेने हरवले, त्यावर इलाज नव्हता. गाडीच गेली, तर चाक कोणाला हवे? तंबोऱ्याचे तसे नाही. गाणे अजून चालू आहे. या दिवाळीत पहाटेच्या मैफलीला जाल, तेव्हा गवयाच्या पाठीमागे उभ्या असलेल्या त्या वाद्याच्या गळ्याकडे एकवार नीट पाहा. तेथे कोणाची सही नसते. पण ज्या हातांनी ती पाने कोरली, त्या हातांच्या आज्यापणज्यांनी कधी काळी तलवारी लखलखत्या केल्या होत्या, एवढे आठवले तरी पुरे.