डोंबिवलीच्या स्टेशनावरून 1031 एकांपर्यंत

घाटकोपरला किंवा मुलुंडला कल्याणकडे जाणारी लोकल पकडलीत, की ठाणं, कळवा, मुंब्रा, दिवा करत डोंबिवली येते. हे स्टेशन गणितात जाऊन बसलंय, हे रोज त्या गाडीत लटकणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसतं. जी.आय.पी. रेल्वेच्या काळात त्याला डेम्लो म्हणत. दत्तात्रेय रामचंद्र काप्रेकरांना तिथे ज्या संख्या सुचल्या, त्यांना त्यांनी 'डेम्लो संख्या' असंच नाव दिलं.

काप्रेकर 1905 साली डहाणूला जन्मले. 1930 ते 1962 देवळालीत शाळामास्तर होते. 6174 मुळे ते आपल्याला माहीत असतात. आज तो आकडा बाजूला ठेवू.

165 घ्या. कडेचे 1 आणि 5 मिळवले की मधला 6 येतो. 12321 घ्या: 12 आणि 21 मिळून 33, आणि मध्ये 3. ही झाली डेम्लो संख्या. आता गंमत बघा, 12321 हा 111 चा वर्ग आहे, 1234321 हा 1111 चा. नऊ एकांपर्यंत हा डोंगर छान चढतो-उतरतो. दहाव्याला हातचा आडवा येतो आणि माथा मोडतो: 1234567900987654321.

अनेक गणितज्ञांनी याला आकड्यांचा खेळ म्हणून सोडून दिलं. माझ्या मते तो शेरा घाईचा होता. कारण वर्ग सोडून त्याच्या मुळाकडे वळा आणि विचारा, ही नुसत्या एकांची संख्या मूळ संख्या आहे का?

सहा एक असतील तर दोन-दोनच्या जोड्या पडतात: 111111 म्हणजे 11 गुणिले 10101. म्हणजे एकांची संख्या स्वतः मूळ हवीच. पण तेवढ्याने भागत नाही. 111 म्हणजे 3 गुणिले 37. सात एक म्हणजे 239 गुणिले 4649. 11 नंतर थेट 19 एकांची संख्या मूळ निघते. ती भागून तपासायची तर सुमारे 105 कोटींपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या, म्हणजे पाच कोटींहून जास्त भागाकार! मग 23, मग 317, मग 1031.

1031 एकांना भागत बसणं संगणकालाही शक्य नाही. ह्यू विल्यम्स आणि हार्वे डबनर यांनी शेजारणीला गाठलं. संख्येतून 1 वजा केला की शेवटी शून्य येतं, उरतात 1030 एक. आणि 1030 ला 2, 5, 103 ने भाग जातो, म्हणून तिचे अवयव पाडता येतात. शेजारणीचे पुरेसे अवयव हाती आले, की मूळ संख्येचं मूळपण सिद्ध करायची वाट मिळते. ही सिद्धता 1986 ची. काप्रेकर गेले तेही त्याच वर्षी.

पुढची मूळ संख्या 49081 एकांची. तिची सिद्धता यायला 2022 साल उजाडलं. अशा मूळ संख्या अनंत आहेत का? कुणालाच अजून सिद्ध करता आलेलं नाही.